इंग्रजी वाक्प्रचार आणि आपली मुले
(मेहकर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या एका आप्तांच्या दुखण्यात डॉक्टर म्हणाले, ‘टच अँड गो’. सोबतच्या पदवीधर चिरंजिवांनी शब्दास शब्द लावून ‘दुखणे शिवून गेले’ असा अर्थ सांगितला, व आम्ही निर्धास्त होऊन मेहकरास परतलो. वस्तुतः रोगी जीवनमरणाच्या काठावर होता! रात्रीच पुन्हा धावावे लागले. शार्ङ्गधर बालाजीच्या कृपेने ते वाचले.

दोष चिरंजिवांचा नव्हे, आम्ही त्यांच्याकडून याद्या घोकून घेतल्या त्याचा. वाक्प्रचाराचा अर्थ सुट्या शब्दांत नसतो. तो त्या मुलखाच्या रोजच्या व्यवहारात असतो. व्यर्थ खटाटोपास इंग्रज ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ म्हणतो, कारण ते पूर्वी कोळशाच्या व्यापाराचे मोठे बंदर. आपल्या मुलास ‘लोणारास खार नेणे’ म्हणून सांगा. सरोवराचे खारे पाणी त्याने पाहिलेले असते, तेथून पूर्वी खार काढीत हेही त्याने घरी ऐकलेले असते. त्यांच्या पावसात कुत्री-मांजरे पडतात म्हणून आपण हसतो. आपल्याकडे तर मुसळे पडतात!

मंडळाच्या उन्हाळी वर्गात यंदा प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचारास घरातला एक जोडीदार मुलांनीच शोधावा, आजीला विचारून, असे आम्ही सुचवितो.