दशांश कशाचा?



मिळकतीचा दहावा भाग दानात द्यावा, ही ज्यू लोकांची जुनी रीत. तिला वरची मर्यादाही आहे: पाचव्या हिश्शाहून जास्त देऊ नये, नाहीतर देणाऱ्यावरच मागायची पाळी यायची. मला तर ही मर्यादा दशांशाहूनही शहाणपणाची वाटते.

पण दहावा भाग कशाचा? पूर्ण पगाराचा, की आयकर कापून हाती येईल त्याचा? कर कापून, असं बहुतेक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सांगतात. इथवर सोपं आहे. लंडनच्या ज्यू गृहस्थाची पंचाईत पुढे होते. ब्रिटनमध्ये १९९० पासून ‘गिफ्ट एड’ आहे. तुम्ही १०० पौंड दिलेत, की संस्था तुमच्या करापोटी सरकारकडून आणखी २५ मिळवते. तुम्ही ४० टक्के कर भरत असाल, तर तुम्हालाही २५ पौंडांची सूट. म्हणजे खिशातून गेले ७५ आणि संस्थेला पोचले १२५. वहीत दान किती मांडायचं? सुटलेले २५ पुन्हा दानातच घाला, असं एक मत. ती मिळकत धरून तिचा दशांश द्या, असं दुसरं.

खरी ओढाताण मात्र वेगळीच आहे. करसूट मिळते ती संस्थेला दिलेल्या पैशावर. धर्म म्हणतो, आधी आपल्या घरातला गरीब पाहा. नोकरी गेलेल्या चुलतभावाच्या हातावर ३०० पौंड ठेवले, तर दशांश फिटतो, सूट शून्य. आपल्याकडेही दानावरच्या करसुटीला पावती संस्थेचीच लागते, भाच्याच्या फीची चालत नाही.

बाराव्या शतकातल्या ज्यू धर्मपंडित मायमोनिडीझने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला पायावर उभं करणं. त्याखालची, देणारा आणि घेणारा एकमेकांना ठाऊक नसणं. आणि गिफ्ट एडच्या फॉर्मवर तर नाव-पत्ता लिहावाच लागतो!

यावर तोडगा निघाला आहे. धर्मादाय संस्थेकडे खातं उघडायचं, तिथे एकदा फॉर्म भरून दशांश जमा करायचा. मग चेकबुकासारखं कुपनांचं पुस्तक मिळतं. वर्गणी मागायला कुणी दारात आलं, की एक फाडून द्यायचं. निनावी पैसे धाडायची सोयही बऱ्याच ठिकाणी असते. कुपन वठतं मात्र संस्थेच्याच नावावर. चुलतभावाला रोखच द्यावे लागतात.