कानाला दडे बसले तर



गंगाखेडच्या घाटावर गोदावरीत बुड्या मारून आलेला माणूस घरी येतो आणि म्हणतो, "काही ऐकायलाच येईना बुवा!" कानातला मळ पाण्याने फुगतो आणि बोळा कोंबावा तसा कान बंद होतो. सोयाबीनच्या मळणीयंत्रापाशी दिवसभर राबलेल्या गड्याचे कान रात्री गुणगुणतात. ते बहुधा एकदोन दिवसांत निवळतात, पण दर हंगामात असेच चालले तर ऐकणे कायमचे उणावते. पडशाने पडद्यामागे पाणी साठते. थपडेने किंवा फटाक्याने पडदा फाटतो, तो बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तेवढे दिवस कानात पाणी मात्र जाऊ द्यायचे नाही.

पण तोपर्यंत घर चालायचे असते, आणि अशा दिवसांत आधी बिघडतो तो घरातल्यांचा सूर. "दहादा सांगितलं, कान फुटले का तुमचे?" असे एकदा म्हटले की तो माणूस पुन्हा विचारीत नाही. नुसती मान हलवितो, आणि मग खताऐवजी बी घेऊन येतो. बहिऱ्यांवरचे विनोद आपल्याकडे उदंड. घरात ते चार दिवस मिटून ठेवावेत.

ओरडून उपयोग नाही. ओरडल्याने शब्द फुटतात आणि तोंड वाकडे दिसते. समोर यावे, खांद्याला हात लावावा, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसावे आणि जरा सावकाश बोलावे. चुलीकडे तोंड करून, तोंडात पदर धरून सांगितलेले त्याला कसे कळणार? शब्द कळला नाही तर तोच तोच न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. भाव, तारीख, औषधाची वेळ मात्र पाटीवर लिहून दाखवावी; आकड्यांत घोटाळा लवकर होतो.

मायचेच कान बसले असतील तर जास्त जपावे लागते. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बघावे. रात्री पाळण्याच्या काठावर हात ठेवून निजावे. लेकरू वळवळले की हाताला कळते. घरात ऐकणारे कोणी असेल तर त्याने उठवायची जबाबदारी घ्यावी. शेतात मोटार चालू आहे की नाही हे नळीला हात लावून समजते. रस्त्याने जाताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. पूर्णा जंक्शनच्या बाजूची मंडळी रूळ सर्रास ओलांडतात. त्यांनी हे दिवस तरी फाटकातूनच जावे.

आता एक सोपी परीक्षा सांगतो. एकच कान बसला असेल तर ओठ मिटून "हूं" असा आवाज काढा. बसलेल्याच कानात तो मोठा घुमला तर बहुधा मळ, पाणी किंवा पडदा असे बाहेरचे, मधले कारण असते. चांगल्या कानातच घुमला तर आतल्या नसेची शंका घ्यावी. ही घरची परीक्षा, डॉक्टरांची नव्हे. पण पडसे नाही, मार नाही, आणि सकाळी उठल्यावर एकाएकी एक कान गेला असे झाले तर "बघू आठवडाभर" म्हणू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. यावर औषध असते, पण ते लवकर दिले तरच लागू पडण्याची आशा जास्त. कढवलेले लसणाचे तेल, काडी, केसाची पिन यांतले काहीही कानात घालू नये. पडदा फाटलेला असेल तर तेलाने दुखणे वाढते.

गुरुजींसाठी वेगळे बोलतो. थंडीपावसात वारंवार पडसे होणाऱ्या मुलाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठून राहते. कान दुखत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. मूल शुद्धलेखनात स, श, फ गाळते, दुसऱ्याचे पाहून वही उघडते, टीव्हीजवळ सरकते. त्याला ढ समजून कानफटात मारली तर आधीच अधू झालेला कान फुटायचा! मुलाला मारणे तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाईच आहे. त्याला पुढच्या रांगेत, भिंतीकडच्या शांत बाजूला बसवावे. फळ्याकडे तोंड करून सांगितलेले वळून पुन्हा सांगावे. असे पाणी पुष्कळदा तीन महिन्यांत ओसरते. न ओसरल्यास पालकांना बोलावून डॉक्टरांकडे धाडावे.

कान उघडला की पहिले काही दिवस भांड्यांचा आवाजसुद्धा अंगावर येतो. तेव्हा घरच्यांनी टीव्ही थोडा बारीकच ठेवावा, आणि मोठ्याने बोलायची लागलेली सवय आता सोडून द्यावी.