हजान ते राब्बी

विचुंब्याहून पनवेल गावात आलं की बेथ एल सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, लागतं, 1849 सालचं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींचं. पनवेलकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं, घरात मराठी, आणि नवस फेडताना गोड पोहे, ओलं खोबरं, फळं असा मलिदा. राब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू. पण कोकणात प्रार्थना चालवत आला तो हजान, सूर लावून, हिब्रूत.

न्यूयॉर्कच्या राब्बी अँजेला बुखडाल यांनीही सुरुवात हजान म्हणूनच केली. जन्म 1972चा, सोलमधला. आई कोरियन बौद्ध, वडील अमेरिकन ज्यू. पाच वर्षांच्या असताना त्या अमेरिकेत आल्या. परंपरेने ज्यूपण आईकडून येतं, त्यामुळे लहानपणापासून हिब्रू प्रार्थना म्हणणाऱ्या या मुलीने एकविसाव्या वर्षी धर्मप्रवेशाचा विधी केला. मला हे जरा अजबच वाटतं! 1999 साली त्या हजान झाल्या, 2001 साली राब्बी आणि 2014 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल सिनेगॉगच्या प्रमुख राब्बी.

जगातली पहिली स्त्री राब्बी मानतात ते बर्लिनच्या रेजिना योनास यांना; त्या 1935 साली राब्बी झाल्या. आपल्या डॉ. जेरुशा झिराड राब्बी नव्हत्या. कामा हॉस्पिटल सांभाळणाऱ्या डॉक्टर. लंडनला शिकून आलेल्या या बेने इस्राएल बाईंनी मुंबईत उदारमतवादी ज्यू संघटना उभी केली ती 1925 साली, म्हणजे योनासबाईंच्या दहा वर्षं आधी.