तेल नेमकं गळतं कुठून?

लोणंदच्या कांदा बाजारात जुन्या बुलेट, स्प्लेंडर अजून रोज येतात. अनेकींच्या इंजिनाखाली तेलाचा डाग असतो. पॅकिंग बदललं तरी गळती थांबत नाही, कारण डाग दिसतो तिथून तेल निघतच नाही. ते खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं.

इंजिन थंड असताना रॉकेल-ब्रशने धुवा, पूर्ण कोरडं करा, वरून साधी टाल्कम पावडर भुरभुरा. हे करताना एअर फिल्टर मात्र झाकलेला हवा. मग पाच-दहा किलोमीटर फिरून या. पावडर सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जिथे भिजली, तिथेच मूळ आहे. बहुधा टॅपेट कव्हरचं रबर कडक झालेलं असतं, किंवा पुढच्या चेनचक्रामागचं ऑइल सील झिजलेलं.

आणि ब्रीदर नळी आधी तपासा! ती तुंबली की इंजिनातला दाब वाढतो, चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडतं. तेल जास्त भरलं तरी तेच.

बोल्ट जोर लावून आवळू नका. ॲल्युमिनियमचे आटे गेले, तर दहा रुपयांचं काम हजारांत जातं.