मिठाचा महिन्याचा हिशेब



रोजच्या आहाराविषयीं बोलूं लागलें म्हणजे दूध, तूप, साखर यांची चर्चा पुष्कळ होते. ज्या पदार्थावांचून एकहि भांडें चुलीवरून उतरत नाहीं, त्या मिठाचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाहीं. दुधाचे खाडे दिनदर्शिकेवर लिहिलेले असतात. मीठ स्वस्त, म्हणून तें कोणाच्याच वहींत जात नाहीं. मी वैद्य नव्हे. पस्तीस वर्षें मुलांना त्रैराशिक शिकविलें, एवढाच माझा अधिकार. तेव्हां आज तेंच मांडतों.

जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षां कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, मीठ सांगितलें आहे. चार प्रौढ माणसांच्या घरास दिवसाचे २० ग्रॅम, महिन्याचे ६०० ग्रॅम. या मानानें एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरावयास हवी. आपल्या घरीं ती किती दिवस पुरते? पिशवी फोडाल त्या दिवशीं तिच्यावर तारीख घाला आणि ती केव्हां संपते तें पाहा. तीस दिवसांत संपली तर माणशीं रोज आठ ग्रॅमांहून अधिक झालें. भाज्या धुण्यास किंवा लोणचें घालण्यास वापरलेलें मीठ खुशाल वजा करा. पण मग पापड, फरसाण, पाव, बिस्किटें आणि झटपट शेवया यांतून बाहेरून आलेलें मीठ मिळवावयास विसरूं नका. पावांत तर तें जिभेस जाणवतहि नाहीं. पानाच्या डाव्या बाजूस चटणी-लोणचें बोटभर वाढण्याची आपली जुनी पद्धत या बाबतींत शहाणपणाची होती; आतां बरणीच टेबलावर येऊन बसते!

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. अधिक मिठानें रक्तदाब चढतो, आणि चढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं. माणूस हिंडतो, फिरतो, कचेरीस जातो. आणि वर्षानुवर्षें हृदय, मूत्रपिंड व मेंदूंतील रक्तवाहिन्या यांवर ताण पडत राहतो. पुष्कळांना त्याची पहिली वार्ता पक्षाघातानेंच कळते.

फिनलंड देशांत १९७० नंतरच्या दशकांत हृदयविकार व पक्षाघात यांचा फार सुळसुळाट होता. तेथें सरकार, वृत्तपत्रें व कारखानदार यांनीं मीठ उतरविण्याचें मनावर घेतलें. १९९३ सालीं अति खारट पदार्थांच्या वेष्टनावर तसा इशारा छापणें सक्तीचें झालें. सुमारें तीस वर्षांत मिठाचें सेवन तृतीयांशानें घटलें, आणि त्याच काळांत लोकांचा रक्तदाब व पक्षाघाताचे मृत्यूहि पुष्कळ उतरले. सगळें श्रेय मिठासच देणें रास्त नाहीं, कारण त्यांनीं लोणीहि कमी केलें होतें. तरी मिठाचा वांटा मोठा.

आतां आपल्या पंक्तीकडे वळूं. वडीलधाऱ्यांचा रक्तदाब वाढला म्हणजे आपण त्यांच्यापुरती अळणी आमटी वेगळी काढून ठेवतों. हेतु प्रेमाचा खरा. परंतु सर्वांत बसून एकट्यानें निराळें जेवणें ही शिक्षाच वाटते, आणि आठवड्याभरांत तो माणूस गुपचूप पापडाच्या डब्याकडे वळतो. माझ्या मतें भांडें एकच असावें आणि मीठ सर्वांचेंच उतरावें. एकदम अर्धें केलें तर पंक्तींत बंड होईल. दर आठवड्यास चिमूटभर कमी करीत जावें. जिभेला नवी सवय लागण्यास कांहीं आठवडे लागतात, मग पूर्वीचीच आमटी खारट वाटूं लागते. तोंवर कोकम, लिंबू, लसूण, भाजलेलें जिरें यांनीं चव सांभाळावी. पोळीच्या कणकेंत मीठ नसलें तरी कांहीं अडत नाहीं. आणि आमटी जरा सपक लागतांच ताट सरकविणाऱ्या कर्त्या पुरुषांनीं एवढे आठवडे तरी स्वयंपाकघरावर रागावूं नये!

सैंधव घेतलें म्हणजे हवें तितकें खावें, असा एक समज आहे. सैंधवहि मुख्यत्वें तेंच मीठ. शिवाय त्यांत आयोडीन घातलेलें नसेल तर गलगंडापासून मिळणारें संरक्षणहि जातें. बाजारांत पोटॅशियमयुक्त मीठ मिळतें. चीनमधील ६०० खेड्यांत त्याचा प्रयोग झाला, आणि पक्षाघाताचें प्रमाण घटल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांस व रक्तदाबाचीं कांहीं औषधें घेणाऱ्यांस तें घातक ठरूं शकतें, म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून तें घरांत आणूं नये. चालू असलेल्या गोळ्याहि आपल्या मनानें बंद करूं नयेत. जुलाब-उलट्यांनीं शरीरांतलें पाणी गेलें असेल तेव्हां हा सारा हिशेब बाजूस ठेवावा आणि जलसंजीवनी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणांतच द्यावी.