विळ्याचे पाणी



राजूरला गणपतीला आलो की आपण विळा-खुरपे घेतो. भाव करतो, पोलाद विचारत नाही. साध्या लोखंडात कर्ब कमी, ते पाणी धरत नाही. ज्वारीच्या चार ओळी कापल्या की धार मरते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कर्ब शेकडा अर्ध्याहून जास्त. घिसाडी तो लाल तापवून विझवतो. नुसता विझवला तर काचेसारखा तुटेल, म्हणून पिवळट रंग येईपर्यंत पुन्हा मंद शेकतो. घेताना धारेवर कानस फिरवा. निसटली तर पाणी चढले, सहज रुतली तर कच्चे. बोथट विळ्याने मजुरी वाढते, मनगट भरून येते. चांगल्या विळ्याला चार रुपये जास्त द्या. आपल्या घामाचा भाव मागणाऱ्यांनी घिसाड्याचा घाम फुकट मागू नये.