उभे की आडवे?



‘तुमचं काम मराठीत सांगा’ असा संयोजकांचा निरोप आला आणि माझी पंचाईत झाली. मी इंदूरचाच. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, प्रयोगशाळेत इंग्रजी. हिंदीतलं ‘विकिरण’ आपल्या मराठीत ‘प्रारण’ होतं आणि किरण विखुरले की ‘प्रकीर्णन’. मी आज नुसतं ‘विखुरणं’ म्हणेन.

पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए या दोन बहुवारिकांच्या साखळ्या टोकाला टोक जोडल्या, तर त्यांचं आपसात पटत नाही आणि गाठही सुटत नाही. मग ती एकाआड एक पापुद्रे करून राहतात. पापुद्र्यांची एक जोडी साधारण तीस-चाळीस नॅनोमीटरची. सिलिकॉनच्या चकतीवर त्यांची फिल्म चढवली की हे पापुद्रे फळीवरच्या पुस्तकांसारखे उभे राहतात, नाही तर चळतीसारखे आडवे पडतात. चिपवर बारीक रेघा उमटवायच्या तर उभेच हवेत, कारण त्यातलं पीएमएमए काढून टाकलं की रेघा उरतात. आडवे असले तर सगळी मेहनत वाया.

माझ्या फिल्मवर सूक्ष्मदर्शकात अंगठ्याच्या ठशासारख्या सुरेख रेघा दिसल्या. मी सरांना कळवून टाकलं, ‘उभे!’ पोस्टरही छापायला दिलं.

मग क्ष-किरणांची पाळी आली. आपल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ मध्ये २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्यांतून प्रखर क्ष-किरण मिळतात. माझी गोष्ट मात्र परगावची, साध्या तांब्याच्या नळीतल्या किरणांची. चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत जातो तसा किरण फिल्मला जवळजवळ घासून सोडायचा. पापुद्रे उभे असले तर विखुरलेल्या किरणांचे ठिपके डावी-उजवीकडे पडतात, आडवे असले तर वर एकाखाली एक. दिशांचा नुसता गोंधळ असला तर कडं उमटतं.

कोन ०.१२ अंश ठेवला. ठिपके डावी-उजवीकडेच आले. मी खूश. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, “अरे, जरा ०.२० करून बघ ना.” केलं, आणि रात्रभर मोजणी चालू ठेवली. सकाळी पडद्यावर वरचे ठिपकेही लख्ख हजर!

कारण साधं होतं. या किरणांसाठी बहुवारिकाचा क्रांतिक कोन ०.१५ अंशाच्या आसपास असतो. त्याच्या खाली किरण वरच्या आठ-दहा नॅनोमीटरमध्येच घुटमळतो, ओलांडला की तळापर्यंत जातो. सूक्ष्मदर्शकाने आणि माझ्या पहिल्या मोजणीने, दोघांनी कातडीच पाहिली होती. तळाशी, दोन्ही बहुवारिकांना सारखंच वागवणारा अस्तराचा लेप मी नीट बसवला नव्हता. सिलिकॉनच्या ऑक्साइडला पीएमएमए चिकटलं आणि तिथले पापुद्रे आडवे झाले.

सरांना दोनच ओळी लिहिल्या : ‘वर उभे, खाली आडवे. लेप पुन्हा करतो.’ पोस्टर मात्र छापून आलं होतं. त्यातल्या ‘उभे’ या शब्दावर मी पेनाने काट मारली आणि तसंच भिंतीवर लावलं.